लाल इंजेक्शन, पिवळं सलाईन आणि साधी गोळी



आठवडी बाजाराच्या दिवशी आपल्याकडच्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकड्यावर तासभर बसलात तर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "डॉक्टर, अंगात ताकदच राहिली नाही, एक लाल मारा." लाल म्हणजे कुठलं, हे डॉक्टरलाही सांगावं लागत नाही आणि कंपाउंडरलाही. ज्याच्या खिशात जरा बरे पैसे आहेत तो सलाईन मागतो. पांढरं नाही, पिवळं. पांढऱ्या सलाईनमध्ये नुसतं पाणी असतं आणि पिवळ्यात ताकद असते, असा आपला पक्का समज आहे. सोयाबीन निघालं की, ऊसतोड संपली की, लग्नसराईच्या धावपळीनंतर अशा पेशंटांची रांग लागते. वीस वर्षं बातमीदारी करताना हे मी बघत आलोय. मध्यंतरी एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, की हीच व्हिटॅमिनं गोळीतून का देत नाही? ते हसून म्हणाले, "अरे, गोळी लिहून दिली तर माणूस म्हणतो, डॉक्टरनं काही केलंच नाही. फी कशाची घेऊ?"

तेव्हापासून हा विषय डोक्यात होता. व्हिटॅमिन सुईतून द्यायची गरज मुळात कुणाला पडली, का पडली, आणि ती आपल्यापर्यंत पोचली कशी? वाचत गेलो तसं लक्षात आलं की ही गोष्ट पार बॉस्टनपासून सुरू होते आणि मधे दोनदा आपल्या महाराष्ट्रातून जाते, मुंबईतून एकदा आणि पुण्यातून एकदा.

आधी लाल रंगाचं सांगतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. ते इंजेक्शन लाल असतं ते बी-१२ मुळे. बी-१२ च्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट नावाच्या धातूचा एक अणू बसलेला असतो, त्यामुळं त्याचे स्फटिक गडद लाल दिसतात. रक्ताचा आणि त्या रंगाचा काही संबंध नाही. पण रक्त कमी झालेल्या माणसाला रक्तासारखं लाल औषध दंडात जाताना दिसलं की निम्मं बरं तिथंच वाटतं. पिवळ्या सलाईनचंही तेच. तो पिवळेपणा बी-२ चा, म्हणजे रायबोफ्लेविनचा. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीधमक होते आणि लोक म्हणतात, "बघा, अंगातली उष्णता निघाली." उष्णता वगैरे काही नाही, शरीराला नको असलेलं जास्तीचं व्हिटॅमिन मूत्रपिंडानं बाहेर टाकलेलं असतं. थोडक्यात, पैसे मोजून घेतलेल्या सलाईनचा काही भाग आपण तसाच सोडून दिलेला असतो.

आता मूळ गोष्ट. शंभर वर्षांपूर्वी 'पर्निशियस ॲनिमिया' नावाचा एक आजार होता. म्हणजे आजही आहे, पण तेव्हा तो झाला म्हणजे माणूस संपला. रक्त पातळ होत जायचं, जीभ लालबुंद आणि गुळगुळीत व्हायची, हातापायाला मुंग्या, मग चालताना तोल जायचा, आणि वर्ष-दोन वर्षांत मृत्यू. औषध नव्हतं. १९२६ साली बॉस्टनच्या जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी या दोन डॉक्टरांनी ४५ पेशंटांची माहिती छापली. उपचार काय, तर रोज भरपूर लिव्हर खायचं. बोकडाची कलेजी आपण आवडीनं खातो, पण इथं रोज पाव किलोच्या आसपास, अर्धकच्चं, आणि जन्मभर. लोक बरे झाले. पण कितीतरी जणांना ते गिळवेना. मरण परवडलं पण लिव्हर नको, अशी गत.

या मायनटसाहेबांचा एक तपशील मला फार आवडतो. ते स्वतः मधुमेही होते. १९२२-२३ च्या सुमारास इन्सुलिन हाती आलं नसतं तर ते जगलेच नसते. म्हणजे जगाला 'तोंडातून' उपचार देणारा माणूस स्वतः सुईवर जगत होता. दोन्हींची जागा वेगळी आहे, हे त्यांच्या एकट्याच्या आयुष्यातच दिसतं. १९३४ चं नोबेल मायनट, मर्फी आणि आधी कुत्र्यांवर लिव्हरचे प्रयोग केलेले जॉर्ज व्हिपल अशा तिघांना मिळालं.

पण प्रश्न राहिलाच. जे लोक रोज उत्तम बीफ खात होते त्यांनाही हा आजार का व्हावा? याचं उत्तर विल्यम कॅसल नावाच्या तरुण डॉक्टरनं शोधलं, आणि ज्या पद्धतीनं शोधलं ती वाचून जेवण जाणार नाही. जेवत असाल तर हा परिच्छेद सोडा. हा माणूस सकाळी सुमारे ३०० ग्रॅम मांसाचा खिमा खायचा, तासाभरानं उलटी करून तो बाहेर काढायचा, आणि तो अर्धवट पचलेला पदार्थ नळीनं पेशंटच्या पोटात घालायचा. पेशंट सुधारायला लागले. नुसतं मांस दिलं तर सुधारत नव्हते, नुसता जठररस दिला तरी नाही. दोन्ही एकत्र हवेत. निष्कर्ष असा निघाला की निरोगी माणसाच्या जठरात एक पदार्थ तयार होतो, तो अन्नातल्या त्या घटकाला हाताला धरून आतड्यातून रक्तात नेतो. ज्यांच्या जठरात तो पदार्थच बनत नाही, त्यांनी कितीही खाल्लं तरी ते रक्तात जात नाही. जेवण दारापर्यंत येतं, पण दार उघडणारा नाही.

सुई जन्माला आली ती इथं. दार बंद आहे तर भिंतीतून आत जाऊ. १९३० च्या सुमारास जर्मनीत लिव्हरचा अर्क इंजेक्शनमधून द्यायला सुरुवात झाली आणि तो तोंडानं घेतलेल्या लिव्हरपेक्षा कित्येक पटींनी प्रभावी ठरला. रोजच्या पाव किलो कलेजीतून पेशंटची सुटका झाली. मग १९४८ मध्ये अमेरिकेत मर्क कंपनीच्या आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सो कंपनीच्या शास्त्रज्ञांनी जवळजवळ एकाच वेळी त्या अर्कातला खरा घटक वेगळा काढला. टनावारी लिव्हरमधून चिमूटभर लाल स्फटिक. तेच बी-१२. त्याच वर्षी असंही कळलं की ज्या जिवाणूपासून क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन काढतात त्याच जिवाणूकडून बी-१२ सुद्धा मिळतं. मग ते स्वस्त झालं, बाटल्यांत भरलं, आणि जगभर गेलं.

लक्षात घ्या, लाल सुई निघाली ती ज्यांचं जठर नापास झालं होतं त्यांच्यासाठी. अंग दुखतंय म्हणून आलेल्यांसाठी नव्हे.

आता मुंबई. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिनं काम सुरू केलं. मुंबईच्या गिरण्यांमध्ये राबणाऱ्या गरीब कुटुंबांतल्या गरोदर बायांना एक जीवघेणा ॲनिमिया होत होता. रक्त तपासलं तर ते थेट पर्निशियस ॲनिमियासारखं दिसायचं, पण बाकी लक्षणं जुळत नव्हती. विल्सबाईंनी त्या बायांचं ताट तपासलं. त्यात भाजी नाही, फळं नाहीत, दूध-मांस नावाला. मग तसाच आहार त्यांनी आधी उंदरांना आणि पुढं माकडांना दिला. माकडांवर एकेक पदार्थ करून बघताना एका स्वस्त पदार्थानं कमाल केली. तो होता मार्माइट, बिअर तयार केल्यावर उरलेल्या यीस्टचा काळा, खारट लगदा, इंग्रज लोक ब्रेडला लावून खातात तो. माकड सुधारलं. मग तो त्या बायांना दिला, तोंडानं. चार-सहा दिवसांत त्यांच्या रक्तात फरक दिसायला लागला. १९३१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

मार्माइटमधला तो घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. १९४१ मध्ये तो पालकातून वेगळा काढला गेला आणि काही वर्षांत अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार झाला. त्या प्रयोगशाळेतल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. आज आपली आशाताई गरोदर सुनेच्या हातात जी लोहाची लाल गोळी ठेवते आणि शाळेत पोरींना आठवड्याला जी निळी गोळी मिळते, त्यात लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. म्हणजे परळच्या त्या बायांवर झालेल्या कामाचा धागा सरळ आपल्या अंगणवाडीपर्यंत येतो. आणि त्यात सुई कुठंच नाही. त्या बायांचं आतडं ठीक होतं, ताट रिकामं होतं. त्यामुळं तोंडानं दिलेलं पुरलं.

'न मिळणं' आणि 'न शोषलं जाणं' हे दोन वेगळे आजार आहेत. वरवर दोन्ही सारखेच दिसतात. फिकट चेहरा, थकवा, धाप. पण एकाला जेवण किंवा गोळी पुरते, दुसऱ्याला सुई लागू शकते. बॉस्टनमध्ये एक सापडला, मुंबईत दुसरा. आपण मात्र दोघांना एकच लाल सुई टोचतो.

बरं, आपल्याकडं सुईवर एवढी श्रद्धा बसली कशी? 'अडाणी लोक' म्हणून हात झटकायला मी तयार नाही. लोकांनी जे डोळ्यांनी पाहिलं त्यावर विश्वास ठेवला. १९५० च्या दशकात पेनिसिलिन गावोगाव पोचायला लागलं. आपल्याच पिंपरीत १९५४ साली सरकारनं हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला, पेनिसिलिनसाठी. न्यूमोनियानं मरायला टेकलेलं पोर दोन दिवसांत उठून बसायला लागलं. आदिवासी भागांत 'यॉज' नावाचा त्वचेचा भयंकर आजार होता, अंगभर जखमा, हाडं वाकडी. १९५२ पासून त्याच्याविरुद्ध मोहीम चालली आणि पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनात जखमा भरायच्या. एका इंजेक्शनात! ज्यानं हे पाहिलं तो सुईला देव का मानणार नाही? पुढं देवीच्या लसी आल्या, बीसीजी आली, धनुर्वात आला. चांगलं औषध म्हणजे टोचून घ्यायचं औषध, हे समीकरण त्या पिढीच्या डोक्यात बसलं आणि तिनं ते पुढच्या पिढीला दिलं. पेनिसिलिननं कमावलेली पत बी-कॉम्प्लेक्सनं वापरली, असं माझं मत आहे.

त्यात धंद्याची बाजू मिसळली. खेड्यात तपासणीची फी द्यायची सवय नाही, 'सुईचे पैसे' द्यायची आहे. डॉक्टरचं ज्ञान दिसत नाही, सुई दिसते. मग डिग्रीवाला असो की बिनडिग्रीवाला, दोघंही सुई धरतात. कुणी दिली नाही तर पेशंट समोरच्या बोर्डाखाली जाऊन बसतो.

इकडं हे चालू असताना तिकडं विज्ञान गप्प बसलं नव्हतं. बी-१२ च्या बाबतीत एक गंमत समोर आली. जठरातल्या त्या 'दार उघडणाऱ्या' पदार्थाच्या मदतीनं एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम बी-१२ आत जातं. पण त्याशिवायही एक चोरवाट आहे. तोंडानं घेतलेल्या डोसचा साधारण एक टक्का, कुणाचीही मदत न घेता, आतड्याच्या भिंतीतून आपोआप झिरपतो. आता हिशेब करा. माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. १००० मायक्रोग्रॅमची गोळी घेतली तर एक टक्का म्हणजे १० मायक्रोग्रॅम झिरपलं. गरजेच्या चौपट! म्हणजे ज्याच्या जठरात तो पदार्थ अजिबात नाही, ज्याच्यासाठी मुळात सुई निघाली, त्यालासुद्धा मोठ्या डोसची गोळी चालू शकते.

स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकातच हे ओळखलं आणि तिथं गोळी रुळली. बाकीच्या जगात मात्र सुईच चालत राहिली. इतकी, की १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या लेखात या गोळीला वैद्यकशास्त्राचं सगळ्यात जपून ठेवलेलं गुपित म्हणावं का, असा सवाल केला होता. मग १९९८ मध्ये समोरासमोर तुलना झाली. बी-१२ ची कमतरता असलेल्या पेशंटांचे दोन गट केले. एका गटाला ठरावीक अंतरानं सुया, दुसऱ्याला रोज २००० मायक्रोग्रॅमची गोळी. चार महिन्यांनी गोळीवाल्यांच्या रक्तातलं बी-१२ सुईवाल्यांपेक्षा जास्त निघालं. पेशंट थोडे होते, चाळिशीच्या आत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्यानंतरच्या अभ्यासांचा सूरही साधारण तोच आहे, की मोठ्या डोसची गोळी सुईच्या तोडीस तोड चालते.

व्हिटॅमिन ए ची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तिथं पोरांचे डोळे पणाला लागले होते. ए कमी पडलं की आधी रात्रीचं दिसत नाही, मग बुबुळ कोरडं पडतं, मऊ होतं आणि काही दिवसांत फुटून डोळा कायमचा जातो. अशा पोराला तातडीनं ए द्यायचं तर सुईच, असा तेव्हाचा दंडक. इंडोनेशियात आल्फ्रेड सॉमर आणि त्यांच्या तिथल्या सहकाऱ्यांनी आजारी पोरांवरच तुलना केली, काहींना सुई, काहींना तोंडात २ लाख युनिटचा डोस. १९८० मध्ये निकाल छापला. दोन्ही सारखेच. आता सुई म्हटलं की निर्जंतुक सिरिंज हवी, टोचणारा शिकलेला माणूस हवा, दवाखाना हवा. तोंडात थेंब पाडायला अंगणवाडीची ताई पुरते. आपल्या देशात तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कामावरून १९७० पासूनच अंधत्व टाळण्यासाठी पोरांना तोंडानं ए देण्याचा कार्यक्रम सुरू झाला होता. दर सहा महिन्यांनी चमच्यानं पाजतात ते पिवळं तेलकट औषध, तेच हे. आपल्या आधीच्या पिढीत गोवरानंतर डोळे गेलेली माणसं प्रत्येक गावात एक-दोन तरी असायची. आज लहान पोरांत तसं सहसा दिसत नाही. गोवराची लस, बरं खाणं आणि तो चमचा, तिघांचं हे श्रेय.

आता पुणे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातले त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या गावांमध्ये गरोदर माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करतायत. त्यात बी-१२ चा मुद्दा ठळकपणे वर आला. २००६ मध्ये त्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले अशा ४४१ पुरुषांच्या तपासण्यांचे निष्कर्ष छापले. ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी. आणि सगळ्यात जास्त प्रमाण कुणात? शहरी मध्यमवर्गात, ८१ टक्के. झोपडपट्टीत नाही. कारण सोपं आहे. बी-१२ झाडं तयार करत नाहीत, जिवाणू करतात, आणि आपल्याला ते मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळतं. शाकाहारी घरात दुधाचाही हात आखडता असेल तर ते येणार कुठून?

म्हणजे आपली कमतरता ही बॉस्टनची नाही, परळची आहे. ताटातली आहे, जठरातली नाही (अपवाद आहेत, ते पुढं सांगतो). आणि हे नुसतं म्हणून सोडलेलं नाही. याच गटानं त्या गावांमधल्या कुटुंबांना वर्षभर रोज तोंडानं फक्त २ किंवा १० मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं. हजार नाही, दोन! तेवढ्यानंसुद्धा रक्तातलं बी-१२ वाढलं आणि त्याच्या अभावी वाढणारा होमोसिस्टीन नावाचा पदार्थ कमी झाला. २०१० मध्ये हे छापून आलंय. आपल्यासारख्याच भाकरी-आमटी खाणाऱ्या माणसांची आतडी इतक्या लहान डोसलाही दाद देतात, हे आपल्याच जिल्ह्यांच्या शेजारी सिद्ध झालंय. आपल्या दवाखान्यांपर्यंत ते का आलं नाही, हा प्रश्न मी पत्रकार म्हणून विचारणारच.

सुई निरुपद्रवी असती तर मी एवढं लिहिलं नसतं. घेऊ द्या, समाधान मिळतंय, म्हणून सोडून दिलं असतं. पण २००४ च्या सुमारास देशपातळीवर इंजेक्शनांची पाहणी झाली होती. भारतात वर्षाला ३०० ते ६०० कोटी इंजेक्शनं दिली जातात आणि त्यातली जवळपास ६३ टक्के असुरक्षित, म्हणजे सिरिंज नीट निर्जंतुक नाही, पद्धत चुकीची, किंवा कचऱ्याची विल्हेवाट धोकादायक, असा तिचा अंदाज होता. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात कावीळ-बीची साथ आली, माणसं दगावली. पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया आणि सिरिंज हे तिचं कारण निघालं. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊमध्ये २०१८ च्या सुरुवातीला एकाच भागात एचआयव्हीचे डझनावारी रुग्ण सापडले. सायकलवर फिरून स्वस्तात इंजेक्शन टोचणाऱ्या एका भोंदूवर बोट ठेवलं गेलं. तिथली माणसं काही वेगळी नव्हती. खोकला, ताप, अशक्तपणा घेऊनच ती सुईपुढं बसली होती. याशिवाय चुकीच्या जागी टोचल्यामुळं मांडीची नस दुखावून पाय लुळा पडणं, गळू होणं, थायमिनच्या इंजेक्शनला क्वचित येणारी तीव्र ॲलर्जी, हे आहेच. सिरिंज आता एकदाच वापरायच्या असतात, परिस्थिती पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे, हेही खरं. तरी गरज नसलेल्या टोचण्यात थोडा धोकाही कशासाठी घ्यायचा?

आता दुसरी बाजू, नाहीतर लोक म्हणतील हा सुईच्या विरोधात आहे. सुई जिथं लागते तिथं तिला पर्याय नाही.

नवजात बाळाला जन्मल्यावर मांडीत व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात, १ मिलिग्रॅम. बाळ के चा अगदी तुटपुंजा साठा घेऊन जन्मतं आणि आईच्या दुधात ते फार कमी असतं. ते न मिळाल्यास काही बाळांना अचानक मेंदूत रक्तस्राव होतो. काही देशांत ते तोंडानं देतात, पण अनेक डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात आणि एखादा चुकला की संपलं. आपल्या सरकारनं २०१४ मध्ये दवाखान्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला हे इंजेक्शन द्यायच्या सूचना काढल्यात. कुणी आजीबाई म्हणाली, "एवढ्याशा जिवाला कशाला टोचता", तर तिचं या बाबतीत ऐकू नका.

दारूच्या आहारी गेलेला माणूस, खाणंपिणं सुटलेला, बरळतोय, डोळे फिरतायत, तोल जातोय, तर त्याला थायमिन म्हणजे बी-१ शिरेतून आणि तातडीनं लागतं. अशा माणसाला नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घरी पाठवणं घातक ठरू शकतं. आपल्याकडं हे किती वेळा होत असेल, तुम्हीच विचार करा.

आणि ज्यांना तोंडानं काही देताच येत नाही, आतड्याचं मोठं ऑपरेशन झालंय, आठवडेच्या आठवडे शिरेतूनच अन्न चाललंय, त्यांच्यासाठी ते पिवळं मल्टिव्हिटॅमिन अक्षरशः जीव आहे. अमेरिकेत १९९६-९७ मध्ये या इंजेक्शनचा तुटवडा झाला, काही पेशंटांना शिरेतलं अन्न त्याशिवायच दिलं गेलं, आणि थायमिनअभावी त्यांच्या रक्तात आम्ल साठून ते अत्यवस्थ झाले. पिवळ्या सलाईनची खरी जागा ती. बाजारादिवशीचं बाकडं नव्हे.

बी-१२ मध्येही सुई लागते. हातापायाला मुंग्या, बधिरपणा, चालताना अंधारात तोल जाणं, विसरभोळेपणा, अशी मज्जातंतूंची लक्षणं असतील तर बहुतेक डॉक्टर सुरुवात सुईनंच करतात आणि ते योग्य आहे. तिथं उशीर परवडत नाही, नस एकदा गेली की पुरती परत येईलच असं नाही. जठराचं किंवा आतड्याच्या शेवटच्या भागाचं ऑपरेशन झालेले, खरा पर्निशियस ॲनिमिया असलेले, यांचंही तसंच. डायबेटीसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, किंवा रोज उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घ्यायची सवय असेल, तर बी-१२ हळूहळू कमी होतं. अशांनी तपासून घ्यावं. आणि स्वतःच्या मनानं नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या खात बसू नये. १९४० च्या दशकाच्या शेवटी डॉक्टरांना हे महागात पडून कळलं. फॉलिकनं रक्त सुधारतं, रिपोर्ट छान येतो, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

व्हिटॅमिन डी चं एका वाक्यात. सहा लाखांचं इंजेक्शन रक्तात हळूहळू उतरतं, तोंडानं घेतलेलं लवकर चढतं, आणि न तपासता ती मोठी इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घेतली तर विषबाधा होते.

मी डॉक्टर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. त्यामुळं कुणाचं चालू असलेलं इंजेक्शन ही पोस्ट वाचून बंद करू नका. पण पुढच्या वेळी बाकड्यावर बसाल तेव्हा एवढं विचारा. "डॉक्टर, माझ्यात नेमकं कमी काय आहे? तपासायचं का? आणि हेच गोळीतून चालेल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. आणि गोळी लिहून दिली तर त्याची फी मुकाट्यानं द्या, कुरकुर न करता. त्यानं तपासलंय, विचार केलाय, त्याचे ते पैसे आहेत.

लोहाच्या इंजेक्शनांबद्दल इथं मुद्दाम काही लिहिलं नाही. गरोदरपणात लोहाचं सलाईन लावतात त्याचा हिशेब वेगळा आहे, तिथं सरकारी दवाखान्यातही सुईला चांगली कारणं आहेत. ग्रामीण रुग्णालयातून त्याची थोडी माहिती मिळायची आहे. ती आली की त्यावर स्वतंत्र लिहितो.